फूल काढणारा मास्तर

आयुष्यात एकदाच लोक मला डॉक्टर समजले, आणि तेही माझ्याच तोंडामुळे. एका बाईला तिच्या सुनेच्या डोळ्यातलं फूल काढून हवं होतं, आणि मी डोंगरावर फुलांचे फोटो काढत हिंडत होतो. या दोन गोष्टींची गाठ पडायला आमच्या भागात फार काही लागत नाही. एक चहाचं हॉटेल पुरतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बुबुळाला जखम होऊन तिथं पांढरा डाग राहिला की डोळ्यात 'फूल पडलं' असं म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं मला माहीत नाही. ज्यानं ठेवलं त्याच्या स्वतःच्या डोळ्यात पडलेलं नसणार, एवढं नक्की.

मी तेव्हा मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तर होतो. वाशिम जिल्हा व्हायचा होता, आमचं सगळं अकोल्याकडे असे. अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकून आलो होतो आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता. बोलतानासुद्धा घरचं वऱ्हाडी सोडून मी 'करायला', 'जायला' असं शुद्ध बोलायचो. बायको म्हणायची, "बाप्पा! माणसासारखं बोला ना. लोकायले समजत नाही तुमचं." मी म्हणायचो, समजेल हळूहळू.

शाळेत फुलांचा एक रंगीत तक्ता होता. त्यावरचं एकही फूल आमच्या डोंगरानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. पोरं ती नावं घोकायची आणि खिडकीबाहेर पळस फुललेला असायचा. एके दिवशी मी हेडमास्तरांसमोर या तक्त्याबद्दल जे बोललो ते इथं लिहीत नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही करा दुसरा." माझा स्वभाव असा की कोणी 'करा' म्हटलं की मला ते करावंच लागतं, नाहीतर झोप येत नाही.

मेव्हण्याकडून पेटी-कॅमेरा मागून आणला. काळी चौकोनी पेटी, एका रोलमध्ये आठ फोटो. ती पोटाशी धरायची, वरच्या भिंगात डोकावायचं आणि बाजूची कळ दाबायची. वसंतातली फुलं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. आमच्याकडे फाल्गुनात डोंगरावर गवताची नुसती काडी उरते. फुलतात ती झाडं, आणि तीही अंगावरचं पान न् पान टाकून: पळस, पांगारा, काटेसावर, पिवळीजर्द गणेरी. झुडपात धायटी. एवढ्यांचे फोटो निघाले की माझा तक्ता होणार होता.

निघताना बायकोनं विचारलं, "डोंगरात बाया लाकडं आणाले जातात, माणसं ढोरं चाराले जातात. तुमी कायले जाऊन राह्यले? कोणी पुसलं तं काय सांगू?"

"सांग, फुलं काढायला गेलेत."

"तोडाले म्हणा ना मंग."

"तोडायला नाही. काढायला. फोटो."

"तुमचं तुमालेच माहीत," ती म्हणाली आणि भाकरी बांधून दिली.

पहिल्या रोलमधली पाच फुलं मी दोन रविवारांत काढून आणली. मानोऱ्याकडे जाणारी मोटार फाट्यावर सोडायची. तिथं एक चहाचं हॉटेल होतं: चार बल्ल्या, वर तुराट्यांचं छप्पर आणि खाली एक बाकडं. तिसऱ्या रविवारी हॉटेलवाल्यानं मला हटकलं. तो बोलका माणूस होता. सगळ्या फाट्याची खबर त्याच्याकडून निघायची आणि वाटेत वाढायची.

"कुठी चालले मास्तर, एवढ्या उन्हाचे?"

"डोंगरावर. फुलं काढायला."

"फुलं?" बशी पुसता पुसता त्यानं माझ्या गळ्यातल्या पेटीकडे पाहिलं. "या पेटीनं?"

"हो."

"किती काढले आतापावतर?"

"पाच. चार उत्तम साधली. एक बिघडलं, पण ते हललं म्हणून."

"हालाचं नसते?"

"मुळीच नाही. उजेड भरपूर लागतो आणि हलायचं नाही. बाकी एका टिचकीचं काम."

"आन घेता किती?"

"घ्यायचं काय त्यात? हौस आहे माझी."

त्यानं त्या दिवशी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, शिक्षकाबद्दलचा आदर लोकांत अजून शिल्लक आहे. मी प्रसन्न होऊन डोंगर चढलो, धायटीचे दोन फोटो काढले आणि घरी आलो. पुढचा आठवडाभर हॉटेलवाला काय करत होता, याची मला कल्पना नव्हती.

चौथ्या रविवारी रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि फुलांत एकच फूल: गणेरी. ती फुलते डोंगराच्या माथ्यावर, खडकाला धरून. मोटारीतून उतरलो तर हॉटेलवाला आपण होऊन पुढं आला.

"मास्तर, म्या निरोप देल्ला व्हता, तं आल्या बरं त्या दोघी. वरतं पाठोल्या. तुमाले उजेड लागते ना, मनून म्हटलं खाली सावलीत कायले बसता, माथ्यावर जाऊन बसा उघड्यावर."

"कोण दोघी?"

"आपल्या इथच्याच हायेत. लय आशेनं आल्या, बाप्पा. जा तुमी, ऊन चढून राह्यलं."

मला वाटलं, लाकडं आणणाऱ्या बाया असतील आणि हा शहाणा त्यांना माझ्या फोटोत उभं करून राहिलाय. मला झाडाच्या फोटोत माणूस खपत नाही. मी चिडलो, आणि चिडलो की मी पुढचा प्रश्न विचारत नाही. तसाच तरातरा चढलो.

चढताना वाटेत खाली पडलेल्या सावरीच्या फुलांवर पाय पडत होते. वर पोचलो तेव्हा गणेरी ऐन बहरात होती. झाडावर एक पान नाही, नुसती ओंजळभर मोठी पिवळी फुलं. आणि बरोबर तिच्या बुडाशी, उन्हात, दोघी बसलेल्या. एक पन्नाशीची, एक विशीची. धाकटीचा पदर डोळ्यांवर ओढलेला. शेजारी फडक्यात बांधलेला कापूस, पाण्याचा तांब्या आणि नारळ.

"राम राम," मी म्हटलं. "जरा बाजूला व्हा बरं."

"कोन्त्या बाजूनं?" म्हातारी लगेच उठली.

"उजव्या."

"उजव्याच डोळ्यात हाय," ती म्हणाली. तिनं सुनेला माझ्याकडे वळवलं, मागं जाऊन तिचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि स्वतः तोंड फिरवून डोंगराखाली पाहत म्हणाली, "हालू नको वं. हालाचं नसते म्हणे. डाक्टरसायेब, उपाशीपोटीच आणली तिले."

मी पेटी धरून उभा राहिलो. हॉटेलवाल्याशी झालेलं सगळं बोलणं मला एकेक वाक्यानं आठवलं. उजेड. हलायचं नाही. एका टिचकीचं काम. पाचातली चार उत्तम साधली. एक बिघडलं. त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. मी फोटो काढतो. फोटो!"

"फोटो मागून काढा," ती म्हणाली. "पहिले फूल काढा."

"अहो, हे फूल!" मी ओरडलो आणि झाडाकडे हात केला. तिनं झाडाकडे पाहिलं. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. ती म्हणाली, "हो, पहिले देवाचं. चुकलंच. मी तिकडं नारळ फोडून येतो, तवर तुमी आपले औजारं काढा." नारळ आणि झाडाची दोन फुलं घेऊन ती माथ्याच्या पलीकडच्या अंगाला शेंदूर लावलेल्या दगडाकडे निघूनही गेली. एवढ्या चपळाईनं गेली की मला तोंड उघडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

मी आणि ती सून, दोघंच उरलो. मी कपाळाला हात लावला.

"मास्तर," ती पदराआडून म्हणाली, "मले मालूम हाय तुमी डाक्टर नोहे. माह्या माहेरी जत्रंत पाह्यली म्या अशी पेटी. फोटोची हाय ते."

"मग सांगितलं का नाहीस तिला? एवढा डोंगर चढून आलीस ती!"

"सांगतलं. आयकत नाहीत आत्याबाई." आत्याबाई म्हणजे सासू. "तिकडं मंगरूळच्या डाक्टरनंई सांगतलं, फूल निघत नाही मनून. त्यायचंई आयकलं नाही. आतापावतर चार जागी नेलं मले. एका जागी धुरी देल्ली. एका जागी कायतरी भुकटी फुकली डोळ्यात. उद्या पाचव्या जागी नेतीन. मास्तर, मले दुसरा डोळा तं ठुवाचा हाय."

हे तिनं रडून सांगितलं असतं तर मला जमलं असतं. ती अगदी घरातलं पीठ संपल्याचं सांगावं तसं सांगत होती.

"पडलं कशानं?"

"संक्रांतीच्या अदुगर खळ्यावर ज्वारी चालू व्हती. कणसाचं कूस गेलं डोळ्यात. निघता निघेना. आत्याबाईनं रुईचा चीक टाकला."

"रुईचा?" माझा आवाज चढला. "डोळ्यात?"

"हळू बोला. पायात काटा मोडला तं आपुन चीकच लावतो ना? काटा वरतं येते. त्यायले वाटलं, कूसई येईन. माया करूनच टाकला त्यायनं. मांडीवर डोस्कं घेतलं व्हतं माह्यं."

डोळ्याबद्दल मला काही कळत नव्हतं. रुईबद्दल कळत होतं. दरवर्षी मी वर्गात रुईचं पान तोडून पोरांना पांढरा चीक दाखवायचो आणि बजावून सांगायचो की हा डोळ्यात गेला तर डोळा जातो. विचारा कोणालाही त्या वर्गातल्या. आणि इथं आमच्या शाळेपासून चार कोसांवर एक बाई मांडीवर डोकं घेऊन तेच करत होती. मला तिचा राग आला. मग माझाही आला, कारण माझं शुद्ध बोलणं त्या चार कोसांत कधी पोचलंच नव्हतं.

"चिकानंच पडलं," मी म्हटलं.

"मले का समजत नाही?" ती म्हणाली. "आग झाली तवाच समजलं. पन त्या डाक्टरनं पुसलं, 'डोळ्यात काय टाकलं होतं?' आन आत्याबाई उठून बाहीर गेल्या. त्या दिसापासून एकच वखत जेवतात. माह्या हातचं काम काढून घेतात. बोलतात माह्याशी, पन तोंडाकडं पाहत नाहीत. दोन महिने झाले मास्तर, माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही त्यायनं. घरात दुसरी बाई नाही. मी कोनाशी बोलू?"

पलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला.

"तुमी सांगा," ती घाईनं म्हणाली. "दोन गोष्टी सांगा फक्त. फूल कोनाच्याच्यानं निघत नाही. आन हे कुसानं पडलं, चिकानं नाही."

"पहिली सांगतो. दुसरी खोटी आहे."

"हो."

"मी खोटं बोलत नाही."

"मंग डाक्टर काहून झाले?"

"मी झालो नाही! लोकांनी केलं!"

"तं लोकायसाठीच बोला," ती म्हणाली.

या पोरीला शाळेत घातलं असतं तर हेडमास्तरांना मी नव्हे, तिनं घाबरवलं असतं.

सासू खोबऱ्याचे तुकडे घेऊन आली. एक माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, कारण दुसरं काय करायचं सुचत नव्हतं. मग पेटी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि सुनेसमोर उकिडवा बसलो. तिनं पदर मागं घेतला. उजव्या बुबुळाचा खालचा अर्धा भाग पांढरा झाला होता. मी पापणी वर केली. मी हवं त्यापेक्षा जास्त वेळ पाहत राहिलो. इतक्या जवळून मी तोवर पाकळ्या आणि पुंकेसरच पाहिले होते.

"बाई," मी म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी वऱ्हाडीत बोलून राहिलो होतो. "हे फूल निघत नाही. माह्याच्यानं नाही, अन् कोनाच्याच्यानं नाही. कोनी काढतो म्हनलं तं त्याले दारात उभं करू नका. आतापासून डोळ्यात पान्याशिवाय काही टाकाचं नाही. ना हिच्या, ना घरातल्या कोनाच्या. समजलं?"

ती डोंगराखालीच पाहत होती. "समजलं," म्हणाली.

"अन् हे कुसानं पडलं. कूस रुतलं तवाच पडलं."

वारा नव्हता. गणेरीचं एक फूल खाली पडलं आणि तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"चीक टाकला व्हता," ती एकदम म्हणाली. "रुईचा. म्याच टाकला."

"त्यानं काही होत नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही."

"मंग आग कायची झाली?"

मास्तरकी केलेल्या माणसाला असला प्रश्न कळतो. वर्गात एखादंच पोर असा प्रश्न विचारतं, आणि त्याला फसवता येत नाही. "कुसाची," मी म्हटलं. "कूस आत राह्यलं की आग होतेच. चीक टाकला नसता तरी झाली असती."

"तुमी डाक्टर नोहे," ती म्हणाली. "मास्तर हा. मले खाली हॉटेलातच कोनीतरी सांगतलं. पन म्हनलं, शिकेल मानूस हाय. झाडापाल्याचं शिकेल हाय म्हनतात. रुईचं तुमाले समजत असन."

"समजते."

"तं आन घ्या."

"कोनाची?"

"तुमच्या इद्येची."

शपथ बायकोची, आईची, देवाची घेतली असती. देवाची तर मी तशीही मानत नव्हतो. पण या बाईनं बरोबर ती एकच वस्तू मागितली जी माझ्यापाशी खरी होती. मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डावा डोळा तिनं घट्ट मिटून घेतला होता, आणि उजवा, पांढरा, तसाच उघडा होता.

"माह्या विद्येची आन," मी म्हटलं. "रुईच्या चिकानं डोळ्याले काही होत नाही."

तोंडातून निघालं आणि मला वाईट वाटलं. मला वाटतं त्याआधी आणि त्यानंतर मी इतकं धडधडीत खोटं कधी बोललो नाही. आणि ते परत घ्यावं असंही मला कधी वाटलं नाही. आज तुम्ही विचारलंत तरी घेणार नाही.

म्हातारी खाली बसली. बराच वेळ जमिनीवरची माती बोटांनी गोळा करत आणि सोडत राहिली. मग गुडघ्यांवर सरकत सुनेसमोर आली, तिची हनुवटी धरली आणि तोंड वर केलं. तिनं पाहिलं. ती पाहतच राहिली, आणि तिचा चेहरा पार मोडून गेला.

"लय मोठं पडलं वं माय," ती म्हणाली.

"हो," सून म्हणाली. "पाहा आता. चांगलं पाहून घ्या."